खेळ मुलींचा, आरडाओरडा बापांचा

कबुलीजबाब छापायला दिवाळी अंक ही काही योग्य जागा नव्हे, हे मला समजते. चकली-कडबोळ्यांबरोबर वाचकांना काहीतरी खुसखुशीत हवे असते. परंतु गेल्या वर्षी गडचिरोलीत माझ्या हातून, खरे म्हणजे माझ्या तोंडून, जे घडले ते कोणाला तरी सांगितल्याखेरीज मला चैन पडणार नाही. शिवाय ज्या वाचकांच्या घरी खेळणारी मुलगी आहे त्यांना माझी ही गोष्ट अगदीच परकी वाटणार नाही, अशी मला धाकधूक आहे.

बँकेच्या नोकरीत बदल्या कोणाला चुकल्या आहेत? माझी बदली गडचिरोलीला झाली तेव्हा पुण्याच्या नातलगांनी जणू मी दंडकारण्यात वनवासालाच निघालो आहे अशा थाटात निरोप दिला. एका मावशींनी तर अंगारा बांधून दिला. वास्तविक २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा निम्म्याहून कितीतरी अधिक अरण्याखाली असला, तरी जिल्ह्याचे गाव चारचौघांसारखेच आहे. शाळा आहेत, शिकवण्या आहेत, दहावीच्या गुणांची चिंता आहे, आणि त्या चिंतेने वाळलेले आईबापही आहेत. वेगळे आहे ते एवढेच की गावाबाहेर पडले की धानाची शेते लागतात, उन्हाळ्यात मोहाचा वास येतो आणि दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांना माणसे गाड्या भरभरून जातात आणि खलनायकाला खालून मनसोक्त शिव्या घालतात. हे मी मुद्दाम सांगतो. आमच्याकडचा प्रेक्षक मुका नाही.

आमची कन्या त्या वेळी तेरा वर्षांची. पुण्यात ती सतारीच्या वर्गाला जात होती. इथे आल्यावर दोन महिन्यांत तिने सतार भिंतीला टेकवली आणि शाळेच्या फुटबॉलच्या संघात नाव घातले. आमच्या सौ.ना गुडघ्यांची काळजी. पुण्याच्या मावशींचे पत्र आले की मुलीच्या जातीला हे शोभत नाही. मावशींना मी उलट कळवले, की २६ डिसेंबर १९२० रोजी इंग्लंडात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर मुलींचा फुटबॉल पाहायला त्रेपन्न हजार माणसे लोटली होती. त्यानंतर वर्षही पुरते उलटण्याआधी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना मानवत नाही असे ठरवून आपली मैदाने त्यांना बंद केली आणि ती बंदी उठायला सुमारे पन्नास वर्षे लागली. म्हणजे तुमच्यासारख्या मावश्या विलायतेतही होत्या! पत्र टाकल्यावर मी स्वतःवर फार खूश होतो. आपण पुढारलेले बाप आहोत, मुलीच्या पाठीशी उभे आहोत, वगैरे.

पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, हे मला नीट समजले नव्हते. मी ते शब्दशः घेतले होते आणि दर सामन्याला गोलच्या पाठीशी उभा राहत होतो.

चौदा वर्षांखालील मुलींचा तो सामना. एका बाजूला आमच्या कन्येची शाळा, दुसऱ्या बाजूला आलापल्लीच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेचा संघ. आमच्या मुलींचे बूट नवे, कपडे एकसारखे. त्यांच्यातल्या चौघी-पाचजणी अनवाणी. पहिल्या दहा मिनिटांतच दिसले की धावण्यात आमच्या मुली त्यांच्या पासंगाला पुरणार नाहीत. आमची बाजू म्हणजे काठावर ओळीने उभे असलेले आम्ही सतरा-अठरा आईबाप. त्यांच्याबरोबर एक क्रीडाशिक्षक आणि एक अधीक्षिका, बाकी कोणी नाही. कसे असणार? त्यांचे आईबाप दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, धानाच्या बांधात.

पंचाचे काम एक कॉलेजातला मुलगा करीत होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. पहिल्या अर्ध्या तासात त्याला आम्ही सोलून काढले. "शिट्टी घरी विसरला काय?" "चष्मा लाव, चष्मा!" यात एक वकील होते, एक डॉक्टर होते, दोन मास्तर होते आणि मी होतो. एरवी आम्ही बसच्या कंडक्टरलाही अहो-जाहो करणारी माणसे.

शून्य-शून्य. पाच मिनिटे उरलेली. चेंडू उंच उडून त्यांच्या अर्ध्यात आला. त्यांची बचावाची एक मुलगी, काळीसावळी, किरकोळ बांध्याची, दोन वेण्या वर बांधलेली, आमच्याकडे तोंड करून चेंडूपाशी पोहोचली. तिला वेळ भरपूर होता. वळायचे आणि लांब तटकवायचे, एवढेच काम. मी गोलच्या मागे, तिच्यापासून वीस पावलांवर. आणि त्या क्षणी, का कोण जाणे, गंमत म्हणून म्हणा किंवा जिंकण्याच्या हव्यासाने म्हणा, मी मोठ्या करड्या आवाजात ओरडलो, "मागे दे! मागे दे!"

तिने दिला. विश्वासाने, नेमका, जोरात. तिची गोलकीपर पुढे सरसावून आलेली होती. चेंडू तिच्या बाजूने निघून जाळीत गेला.

आमच्या बाजूने जो जल्लोष उठला तो मला अजून ऐकू येतो, कारण त्यात सगळ्यांत वरचा आवाज माझा होता. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ती मुलगी मात्र होती तिथेच उभी. तिने आधी जाळीकडे पाहिले, मग काठावर पाहिले, मग आपल्या सरांकडे. सरांनी हवेत दोन्ही हात फेकले. आमची कन्या तेवढी घोळक्यात गेली नाही. ती त्या मुलीजवळ जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. आणि मी इकडून हाक मारली, "अगं, तिकडे काय करतेस? इकडे ये, फोटो काढायचाय!"

घरी येताना स्कूटरवर मागून एक शब्द नाही. गेट उघडताना ती म्हणाली, "बाबा, पुढच्या मॅचला तुम्ही येऊ नका."

मी म्हटले, "का गं?"

"आवाज तुमचा होता. मला ऐकू आला."

आता माणूस चुकला की तो पुस्तके काढून बसतो, निदान आमच्यासारखा कारकुनी माणूस तरी. मी फुटबॉलचे नियम काढून पाहिले. बाराव्या नियमात स्वच्छ लिहिलेले आहे, की खेळ चालू असताना प्रतिस्पर्ध्याचे लक्ष शब्दांनी विचलित करणारा खेळाडू ताकिदीला, म्हणजे पिवळ्या कार्डाला, पात्र आहे. म्हणजे मी मैदानात असतो तर पंचाने मला कार्ड दाखवले असते. प्रेक्षकातल्या कोणी शिट्टी फुंकली आणि खेळात व्यत्यय आला तर काय करायचे हेही नियमात आहे: खेळ थांबवायचा आणि चेंडू टाकून पुन्हा सुरू करायचा. परंतु शिट्टी न फुंकता नुसत्या आवाजाने एका तेरा वर्षांच्या मुलीला फसवणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाचे काय करावे, हे नियम करणाऱ्यांना सुचलेले दिसत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी अशी कल्पनाच केली नसावी.

किंवा केली असेल, पण उपाय दुसरीकडे शोधला असेल. अमेरिकेत ओहायो राज्याच्या उत्तर भागात मुलींच्या फुटबॉलची एक संघटना आहे. तिने १९९९ च्या ऑक्टोबरात एक 'मौन रविवार' पाळला. त्या दिवशी सामन्यांना आलेल्या आईबापांनी आणि शिक्षकांनी तोंडातून अक्षर काढायचे नाही, असा दंडक. इंग्लंडच्या संघटनेने २००८ साली 'आदर' नावाची मोहीम काढली आणि मुलांच्या मैदानांच्या कडेला दोऱ्या बांधून आईबापांना मागे सारले. म्हणजे रोग काही आमच्या गडचिरोलीपुरता नाही. यात समाधान मानावे असे मात्र मला वाटेना.

आपण इतके का पेटतो? मी आमच्या काठावरच्या मंडळींशी पुढे याविषयी बोललो. कोणी कबूल करते, कोणी विषय बदलते. एका गृहस्थांनी फार प्रामाणिक उत्तर दिले. ते म्हणाले, "साहेब, जिल्ह्याला जिंकलं की विभाग, विभागाला जिंकलं की राज्य. राज्याला खेळली की दहावीला वाढीव गुण. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा. आमच्याजवळ दुसरं काय आहे?" यात हसण्यासारखे काही नाही. ज्या गावात कारखाना नाही, त्या गावात मुलीच्या पायातला चेंडू हा बापाला नोकरीचा कागद दिसू लागतो. आणि कागद दिसू लागला की पुढच्या गोष्टीही आल्याच. महाराष्ट्रात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आहेत. वय चोरणे तर सगळ्या देशाचे दुखणे आहे. २०१० साली केंद्र सरकारला त्यासाठी खास नियमावली करावी लागली, आणि आता मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ताडतात. विचार करा, जन्मदाखल्यावर सही बापाची, शिक्का शाळेचा, आणि खरे बोलायला सांगायचे कोणाला, तर पोराच्या हाडाला!

तरी काठावरचा बाप हा या सगळ्यात लहान अपराधी. मोठे अपराधी दिव्याखाली, खुर्च्यांवर बसलेले असतात. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२० साली आपल्याकडे व्हायचा होता. महासाथीमुळे तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला, आणि २०२२ ची स्पर्धा आपल्याला मिळाली. त्या दोन वर्षांत २००३-०४ साली जन्मलेल्या मुली वयाबाहेर गेल्या. तो दैवाचा भाग म्हणून सोडून देऊ. परंतु पुढे काय झाले पाहा. देशाच्या फुटबॉल संघटनेच्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कारभारासाठी समिती नेमली. आणि १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, जागतिक संघटनेने बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला असे म्हणून भारतालाच निलंबित केले. स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली. सराव करून करून ज्यांच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या, त्या मुलींनी यात काय केले होते? काहीही नाही. समिती गुंडाळल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि स्पर्धा वाचली. पण ते अकरा-बारा दिवस त्या मुलींनी कसे काढले असतील, हे कोणत्याही ठरावात नोंदलेले नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना, एका साहाय्यक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीवरून परत बोलावून काढून टाकावे लागले होते, तेही याच मुलींच्या वाट्याला आलेले.

त्या संघाची कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, आपल्या इथल्यासारख्याच रानातली. तिचे नाव झाले म्हणून सरकारने तिच्या गावात रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्यावर तिचेच आईबाप रोजंदारीने खडी टाकत होते. मुलगी भुवनेश्वरला देशाच्या संघाच्या पुढे उभी. भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून आठ-शून्य, मोरोक्कोकडून तीन-शून्य, ब्राझीलकडून पाच-शून्य. हे आकडे वाचून आमच्या बँकेत एकजण म्हणाला, "नाक कापलं." मला विचारावेसे वाटले, कोणाचे?

अंतिम सामना आपल्या महाराष्ट्रातच झाला, ३० ऑक्टोबर २०२२ ला, नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर. स्पेन विरुद्ध कोलंबिया. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग कोलंबियाच्या बचावातल्या आना मारिया गुझमान हिच्या पायाला लागून चेंडू तिच्याच गोलमध्ये गेला. स्पेन जिंकले. तो सामना मी दूरदर्शनच्या पडद्यावर कन्येबरोबर पाहिला होता, तेव्हा आम्ही पुण्यात होतो आणि ती सतार वाजवीत होती. त्या दिवशी त्या गोलचे मला विशेष काही वाटले नाही.

आता मात्र मला तो पुन्हा पुन्हा आठवू लागला. कोलंबिया हे नाव आणि स्वतःवरचा गोल, या दोन गोष्टी एकत्र आल्या की जुन्या माणसांना १९९४ साल आठवते. आंद्रेस एस्कोबार हा त्या देशाचा सरळ, सभ्य खेळाडू. २२ जून १९९४ ला अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय लागून चेंडू आपल्याच जाळीत गेला आणि पुढे संघ स्पर्धेबाहेर पडला. दहा दिवसांनी, २ जुलैला, त्याच्याच मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून मारले. ज्या देशाने हे पाहिले आहे, त्या देशाच्या एका शाळकरी मुलीने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीच चूक केली, तेव्हा तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना काय वाटले असेल? त्यांनी काय केले, ते तिच्या पुढच्या वर्षावरून दिसते. गुझमानला कोणी अडगळीत टाकले नाही. २०२३ च्या ऑगस्टात, म्हणजे अवघ्या नऊ-दहा महिन्यांनी, ती बायकांच्या मोठ्या विश्वचषकात देशाकडून खेळत होती. जमैकाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तिनेच लांबून टाकलेल्या चेंडूवर कातालिना उस्मेने एकमेव गोल केला आणि कोलंबिया उपांत्यपूर्व फेरीत गेली.

हे वाचले त्या दिवशी मी ठरवले की त्या मुलीला भेटायचे.

ठरवणे सोपे. कामानिमित्त मला त्या बाजूला जावे लागतेच, पण पावसाळ्यात भामरागडच्या वाटेवर पर्लकोटेला पूर आला की पलीकडची गावे तुटतात. शेवटी दसऱ्याच्या सुमारास जमले. बरोबर दोन नवे चेंडू आणि हवा भरायचा पंप घेतला. लाच देणाऱ्यासारखे वाटत होते, तरी घेतला.

शाळा रस्त्यापासून आत, सागाच्या रानाला लागून. सर तालुक्याला गेले होते. अधीक्षिका भेटल्या. चंद्रपूरकडच्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. मी आडून आडून सुरुवात केली. त्यांनी मला चहा दिला आणि दीड तास मुलींविषयीच सांगत राहिल्या. त्यांच्या तोंडून मी जे ऐकले ते ऐकून काठावर उभे राहून शिट्टीवाल्याला चष्मा लावायला सांगणाऱ्या माणसाने मान खाली घालावी.

सामना दहाचा असला की त्यांची गाडी पहाटे चारला निघते. मुलींना गाडी लागते. ज्यांची पाळी आली आहे त्यांना मैदानावर आडोसा नसतो. म्हणून बाई जाताना एक जुनी चादर आणि दोन बांबू नेतात. चाळीस मुलींच्या मागे बाई एकटी, म्हणून सामन्याला जायचे तर उरलेल्यांपाशी कोणाला तरी बसवायचे. "सरांबरोबर पोरींना एकटं पाठवत नाही," त्या म्हणाल्या, "सर चांगलेच आहेत, पण ते चांगले आहेत म्हणून नियम मोडायचा काय?" २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणारा माणूसही गुन्हेगार ठरतो, हे त्यांना पाठ होते. आमच्या काठावरच्या वकिलांना ते माहीत असेलच. आमच्या मुलींबरोबर बाहेरगावी कोण जाते, हे त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नव्हते.

मग सिकलसेलची गोष्ट निघाली. आमच्या भागात हा आजार घराघरांत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी इथे १९८० च्या दशकातच तो दाखवून दिला; केंद्र सरकारची त्यासाठीची मोहीम निघाली १ जुलै २०२३ ला. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. ज्यांना आईबाप दोघांकडूनही हा दोष मिळतो, त्यांना पाणी कमी पडले, थंडी लागली, फार दमणूक झाली की हातपाय ठणकू लागतात, आणि ते दुखणे भयंकर असते. ज्यांना एकाकडूनच मिळतो त्या मुली एरवी ठणठणीत असतात आणि खेळूही शकतात, पण उन्हात उर फुटेस्तोवर पळवले आणि पाणी दिले नाही तर त्यांनाही धोका असतो. बाईंनी कपाटातून तपासणीची कार्डे काढून दाखवली. संघातल्या कोणत्या मुलीला दर किती मिनिटांनी पाणी पाजायचे, याची वही त्यांनी ठेवली होती. "पंचाला आधी सांगावं लागते," त्या म्हणाल्या, "नाहीतर पोरगी बाहेर आली की तुमच्याकडचे लोक ओरडतात, नाटक करते म्हणून."

आम्ही तसे ओरडलो होतो. तो शब्द माझा नव्हता, पण मी हसलो होतो.

याच चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुले मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्यांची छायाचित्रे मीही तेव्हा कौतुकाने पाहिली होती. बाईंनी मात्र वेगळेच काढले. त्या म्हणाल्या, "वर गेलेल्यांचे फोटो आले. पण तिथं पोरांना 'आता परत फीर' म्हणणारा कोणी मोठा माणूस लागत असेल नं साहेब? त्याचा फोटो कोणी काढला?"

अखेर मी तोंड उघडले. मागे दे, मागे दे, असे ओरडणारा मी होतो, हे सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. रागावतील असे वाटले. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? तिला सांगा." आणि त्यांनी हाक मारली.

ती आली, हात ओले, भांडी घासत असावी. मी तेरा वर्षांच्या मुलीसमोर उभा राहिलो आणि मला शब्द सापडेनात. तिची घरची बोली माडिया, मराठी शाळेतली. मी सरळच सांगितले, की तो आवाज माझा होता, मी तुला फसवले, माझे चुकले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमचा होता?"

"हो."

"मला वाटलं सरांचा." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणून मी कोणाले सांगितलं नाही."

मला आधी नीट कळले नाही. बाईंना कळले, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. परतताना गाडीत सरांनी तिला रागे भरले होते. मैत्रिणी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आणि या पोरीने सरांनीच सांगितले म्हणून मी चेंडू मागे दिला, हे एकदाही तोंडातून काढले नव्हते. सरांची चूक होती असे तिला वाटत होते, आणि ती तिने महिनाभर आपल्या अंगावर घेतली होती. मोठ्या माणसाचा आवाज आला की ऐकायचे, असे तिला आपण सगळ्यांनी शिकवले आहे. मोठ्यांचे चुकले तर झाकून घ्यायचे, हे तिला कोणी शिकवले, कोण जाणे.

मी बाईंना म्हटले, हे सरांना सांगायला हवे. त्या म्हणाल्या, "सांगते. आज रात्रीच सांगते." चेंडू मुलींनी केव्हाच बाहेर नेले होते. निघताना पाहिले तर ती भांड्यांकडे परत न जाता मैदानाच्या टोकाला उभी होती आणि एक लहानगी तिला लांबून चेंडू देत होती. पंप मात्र बाईंनी कुलपात ठेवला. "हा टिकला पाहिजे," त्या म्हणाल्या.

घरी येऊन कन्येला सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "सॉरी म्हटलं का नीट?" एवढेच विचारले. मग अभ्यासाला बसली. माझ्यावरची बंदी उठली की नाही, याचा काही खुलासा झाला नाही.

तो झाला जानेवारीत. एका रविवारी सकाळी बूट बांधता बांधता ती म्हणाली, "यायचं असेल तर या. पण गोलच्या मागे नाही. तिकडे लांब, त्या कडुनिंबाखाली बसायचं. आणि हे घ्या." तिने माझ्या हातावर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवली. "तोंडात धरायची. संपली की दुसरी."

कडुनिंबाखालून चेंडू नीट दिसत नाही. मुली दिसतात. एक पडली की दुसरी हात देते, ते दिसते. पंच पुन्हा तोच कॉलेजातला मुलगा होता. मध्यंतरात मी जाऊन त्याला पाणी दिले, तर तो बिचकला. आपल्याला मारायला कोणी आले असे वाटले असावे त्याला. आमच्या मुली दोन-शून्य हरल्या. दुसऱ्या गोलच्या वेळी वकीलसाहेब काठावरून काहीतरी ओरडले आणि त्यांच्या मुलीने जागच्या जागी कानांवर हात ठेवले, तेही त्या झाडाखालून अगदी स्पष्ट दिसले. मी उठून त्यांच्यापाशी गेलो आणि पुडीतली एक गोळी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले, पण घेतली.